ठोकली तरी चालते

जूनमध्ये बाबांचा फोन आला. एरवी आमच्या घरून फोन येतो तो आईचा, आणि त्यात जेवली का, पाऊस आहे का एवढंच असतं. बाबांचा फोन म्हणजे विषय पैशांचा.

"हे पाय बाई, तुझा मामा अल्टो इकून राह्यला. एक सत्तरमध्ये देतो म्हणते. पोराले कॉलेजात जाले होते. अर्धे तू टाक, अर्धे मी टाकतो."

पोरगा म्हणजे माझा भाऊ. शेंडेफळ. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, नुकताच अठरा पूर्ण झालेला. बारावी झाली, चंद्रपूरला कॉलेज मिळालं. आम्ही मूलचे. मूल ते चंद्रपूर पंचेचाळीस किलोमीटर, आणि त्यातला बराचसा रस्ता जंगलातून. मी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये असल्यामुळे घरात माझी दोन कामं ठरलेली आहेत : कोणाचा फोन हँग झाला तर तो सुरू करून देणे आणि मोठ्या खरेदीत अर्धे टाकणे.

मी विचारलं, "अल्टो कोणत्या सालची?"

"तेरा सालची. पण एकदम मस्त हाय. आन शिकाले जुनीच बरी असते. ठोकली तरी चालते."

हा लेख या शेवटच्या वाक्याविरुद्ध आहे. बाबांविरुद्ध नाही. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहेत, आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या पोरांनाही जपलं आहे. पण हे वाक्य त्यांचं एकट्याचं नाहीच. ड्रायव्हिंग स्कूलवाले ते बोलतात, गॅरेजवाले बोलतात, शेजारचे काका बोलतात. पुण्यात माझ्या टीममध्ये एम. टेक. झालेले लोक बोलतात. मराठी घरात अठरा वर्षांच्या पोरासाठी गाडी घ्यायचं ठरलं की पहिल्या पाच मिनिटांत कोणीतरी ते बोलतंच, आणि सगळे माना डोलवतात. इतकं शहाणपणाचं वाटतं ते. आता ते सावकाश वाचा. ठोकली तरी चालते. गाडी ठोकली जाईल हे आपण गृहीत धरलं आहे. पोरगा नवशिका आहे, चुकेल, हेही आपल्याला माहीत आहे. आणि हे सगळं माहीत असताना आपण हिशोब केला तो पत्र्याचा. बंपर, फेंडर, पेंट. ती ठोकली जाईल तेव्हा आत कोण बसलेलं असेल, हा प्रश्न त्या हिशोबात आलाच नाही.

आधी त्या अल्टोचं बोलू. मामाची गाडी मस्त आहे यात वाद नाही. मामा टापटिपीचा माणूस, दर रविवारी गाडी धुतो. पण २०१३च्या साध्या अल्टो ८००मध्ये एअरबॅग नाही आणि एबीएसही नाही. जानेवारी २०१४ मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात विकल्या जाणाऱ्या पाच छोट्या गाड्यांची सर्वांत साधी मॉडेलं ताशी ६४ किलोमीटरच्या वेगाने आदळवून पाहिली होती. अल्टो ८००, नॅनो, आय१०, फिगो आणि पोलो. पाचही गाड्यांना मोठ्या प्रवाशांच्या सुरक्षेत शून्य तारे मिळाले. यातली पोलोची गोष्ट मला फार बोलकी वाटते. तीच पोलो दोन एअरबॅग लावून पुन्हा आदळवली तेव्हा तिला चार तारे मिळाले. गाडी तीच, रंग तोच, फरक दोन पिशव्यांचा. त्या पिशव्या आपल्याकडच्या साध्या मॉडेलात नव्हत्या, कारण त्या नसल्या तर गाडी काही हजारांनी स्वस्त पडत होती आणि आपण 'मायलेज किती' यापलीकडे काही विचारत नव्हतो.

नंतर सरकारने नियम केले. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांत एबीएस सक्तीचं झालं, जुलै २०१९ पासून ड्रायव्हरची एअरबॅग, आणि २०२२ उजाडता उजाडता शेजारच्या सीटचीही. म्हणजे आरसी बुकात गाडी बनल्याचा महिना-साल बघितलं तरी निम्मं काम होतं. २०२२ च्या आधीची गाडी असेल तर शोरूमच्या कागदावर नेमकं कोणतं मॉडेल आहे ते बघायचं, आणि २०१९ च्या आधीची असेल तर दुप्पट संशयाने बघायचं. सेकंड हँड गाडी बघायला जाणाऱ्या आमच्याकडच्या माणसाला मी बोनेट उघडताना पाहिलं आहे, टायरला लाथ मारताना पाहिलं आहे, एसीसमोर हात धरताना पाहिलं आहे. स्टिअरिंगवर 'एअरबॅग' लिहिलंय का हे बघताना अजून कोणाला पाहिलेलं नाही.

बाबांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "तो काय शंभरनं चालवनार हाय का? साठ-ऐंशीनं जाईन."

साठ-ऐंशी. जणू साठ आणि ऐंशी एकच. शिक्षकाच्या घरात वाढले असल्यामुळे मी वही काढली.

मूलच्या रस्त्यावर रात्री काय काय येतं ते तिथल्या माणसाला सांगायला नको. चितळं येतात, रानडुकरं येतात, रोही येते. लोहारा सोडलं की चिचपल्ली, केळझरपर्यंत कधीही सांबर मध्ये उभं असतं. पावसाळ्यात गुरं गरम डांबरावर बसलेली असतात. धानाच्या दिवसांत ट्रॉलीला मागचा लाल दिवा नसलेले ट्रॅक्टर असतात. आता ताशी ऐंशी म्हणजे सेकंदाला २२ मीटर. सांबर दिसलं, डोक्याला कळलं, पाय ब्रेकवर गेला, यात एक सेकंद धरा. नवशिक्याला जास्तच लागतो. ते २२ मीटर गेले. मग कोरड्या रस्त्यावर, चांगल्या टायरवर, गाडी थांबायला साधारण ३६ मीटर. एकूण ५८. ताशी साठला हाच हिशोब ३७ मीटरवर येतो आणि चाळीसला वीसवर. जुन्या गाडीच्या पिवळ्या दिव्यात, डिपरवर, चाळीस-पन्नास मीटरच्या पुढचं नीट दिसत नाही. समजा सांबर ४५ मीटरवर दिसलं. साठवाला त्याच्या आठ मीटर आधी थांबलेला असतो आणि शिव्या देत असतो. ऐंशीवाला त्या सांबराला अजूनही ताशी ४८च्या वेगाने धडकतो. सांबर दोन-अडीचशे किलोचं, पायाने उंच. छोट्या गाडीचं बोनेट त्याचे पाय उडवतं आणि धड सरळ काचेवर येतं.

हा सगळा हिशोब कोरड्या रस्त्याचा. आमच्याकडे घुग्घुस, पडोली, बल्लारपूरच्या बाजूला कोळशाचे ट्रक दिवसरात्र धावतात. तिकडच्या रस्त्यांवर कोळशाची भुकटी बसते आणि पहिल्या पावसात तिचा चिखल होतो. त्यावर घाबरून कचकन ब्रेक दाबला की एबीएस नसलेल्या गाडीची चाकं जाम होतात, आणि जाम झालेल्या चाकांची गाडी स्टिअरिंग फिरवलं तरी वळत नाही. ती जिकडे चालली होती तिकडेच घसरत जाते. वीस वर्षं चालवलेला माणूस ब्रेक सोडून-दाबून सांभाळतोही कदाचित. अठरा वर्षांचं पोर घाबरल्यावर एकच करतं : पाय जितका खाली जाईल तितका दाबतं. एबीएस नेमकं त्या पायासाठी बनवलेलं आहे. म्हणजे ज्याला त्याची सर्वांत जास्त गरज, त्याच्याच हाती आपण ते नसलेली गाडी देतो, आणि ज्याला वीस वर्षांचा सराव, तो एबीएसवाली नवी गाडी घेऊन लग्नाला जातो.

यावर पुण्यातले मित्र म्हणतात की तू फार ताणतेस, पोरं शिकतात. शिकतात. पण पुण्यात चूक करणं आणि केळझरच्या जंगलात चूक करणं यांची किंमत एक नाही. पुण्यात धडक झाली की दहा मिनिटांच्या अंतरावर मोठं रुग्णालय असतं. आमच्याकडे डोक्याला गंभीर मार म्हटलं की नातेवाइकांच्या तोंडी एकच शब्द येतो, नागपूर, आणि नागपूर दीडशे किलोमीटर. गडचिरोलीत तर याहून कठीण. १४,४१२ चौरस किलोमीटरचा जिल्हा, बाराच तालुके. रेल्वे स्टेशन म्हणायला एक वडसा. भामरागडहून गडचिरोली गाठायचं तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास रस्ता, आणि पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तोही नाही. सूरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक एटापल्ली-आलापल्ली-आष्टी रस्त्यावर एकामागे एक असतात. त्या रस्त्यावरून आमचे नातेवाईक अहेरीला जातात, आणि त्यांच्या पोरांसाठीही हेच शोधलं जातं : स्वस्तातली, जुनी, ठोकली तरी चालणारी. जिथे रुग्णवाहिका यायला तास लागतो, तिथे मार कमी बसावा म्हणून जे काही गाडीतच असेल तेवढंच तुमचं. एअरबॅगची गरज बाणेरपेक्षा आलापल्लीला जास्त आहे. आपण मात्र तिला शहरातली चैन समजतो.

"आम्ही ॲम्बेसेडरवर शिकलो, काही झालं का?" हा पुढचा बाण. काकाजी, तुम्हाला काही झालं नाही म्हणूनच तुम्ही हे सांगायला आहात. ज्यांना झालं ते चहाच्या टपरीवर येऊन आपली बाजू मांडत नाहीत. शिवाय तुम्ही शिकलात तेव्हा त्या रस्त्यावर दिवसाला किती गाड्या होत्या आणि त्या किती वेगाने पळत होत्या, तेही आठवून बघा. तेव्हाचा खड्ड्यांचा रस्ताच तुम्हाला पन्नासच्या वर जाऊ देत नव्हता. आता रस्ता गुळगुळीत आहे. प्राणी, गुरं, ट्रॅक्टर आणि अंधार तेवढाच आहे.

दुसरा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही, आणि तो आईने घेतला. आई म्हणाली, "मोटरसायकलपेक्षा तं बरी ना?" बरी. शंभर टक्के बरी. एअरबॅग नसलेली अल्टोदेखील दोन चाकांपेक्षा कितीतरी सुरक्षित आहे, हे मान्य केल्याशिवाय मला पुढे बोलायचा हक्क नाही. आणि आईच्या मनात काय होतं तेही मला ठाऊक होतं. माझ्या वर्गात एक मुलगा होता. दहावीला चांगले मार्क पडले म्हणून त्याला निकालाच्या आठवड्यात मोटरसायकल मिळाली. सोळा वर्षांचा होता. बारावीच्या डिसेंबरात संध्याकाळी क्लासहून येताना रस्त्यात उभ्या असलेल्या धानाच्या ट्रॉलीवर तो मागून गेला. ट्रॉलीला दिवा नव्हता. त्याच्या घरच्यांनी नंतर ती मोटरसायकल दुरुस्त करून विकली, हे मला अजून कळत नाही, आणि त्यांना दोष द्यावासाही वाटत नाही.

कायदा काय म्हणतो ते एका दमात सांगते, कारण तो कोणी पाळत नाही. अठराच्या आत गाडी चालवता येत नाही. सोळा ते अठरामध्ये फक्त ५० सीसीपर्यंतची दुचाकी चालते. शोरूममध्ये तशी दुचाकी बघायला मिळत नाही. लूना गेली, ॲक्टिव्हा ११०च्या घरात आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर पोराने अपघात किंवा गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. हे वाचून आमच्या गल्लीत कोणी ॲक्टिव्हाची चावी लपवली असेल तर मला कळवा. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शने दोन तरुण इंजिनिअरांना उडवलं. दोघं माझ्याच वयाचे, माझ्याच क्षेत्रातले. त्या मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला, तेव्हा आमच्या फॅमिली ग्रुपवर आठ दिवस संताप चालू होता. सर्वांत जास्त मेसेज टाकणाऱ्या काकांची नववीतली पोरगी ॲक्टिव्हावर ट्यूशनला जाते. पोर्श दिसते. ॲक्टिव्हा दिसत नाही.

पण आईच्या प्रश्नाला माझं उत्तर काय? माझं उत्तर आमच्या अंगणात उभं होतं, चांदीच्या रंगाच्या कव्हराखाली.

बाबांनी २०२३ मध्ये पंच घेतली. निवृत्ती जवळ आली, एक गाडी दारात असावी म्हणून. ही गाडी क्रॅश टेस्टमध्ये पाच तारे मिळवलेली आहे, दोन एअरबॅग आहेत, एबीएस आहे. दोन वर्षांत ती आठ हजार किलोमीटर चालली असेल. लग्नं, मार्कंड्याची महाशिवरात्र, एकदा नागपूर विमानतळ. उरलेले दिवस ती कव्हराखाली असते आणि बाबा मोटरसायकलवर शाळेत जातात. मी म्हटलं, अल्टो कशाला हवी, त्याला पंच द्या. फोनवर इतकी शांतता झाली की मला वाटलं रेंज गेली.

"नवी गाडी पोराच्या हाती देतेत का कोनी? ठोकली तं?"

बघा. अल्टो ठोकली तरी चालते. पंच ठोकली तर? दोन्हींत ठोकणारा तोच, बसणारा तोच, रस्ता तोच. आपल्या घरांत सर्वांत सुरक्षित गाडी सर्वांत कमी चालते, सर्वांत अनुभवी माणूस ती चालवतो, आणि सर्वांत कच्च्या माणसाला आपण सर्वांत कच्चं यंत्र देतो. आमच्या कंपनीत नवा पोरगा आला की त्याला चांगला लॅपटॉप देतात, त्याच्या प्रत्येक बदलावर कोणीतरी नजर ठेवतं, आणि त्याने चूक केली तरी सगळं कोसळणार नाही अशी तजवीज करतात. जुना, बॅकअप नसलेला सर्व्हर त्याच्याकडे सोपवून 'बिघडला तरी चालतो' म्हणणाऱ्या मॅनेजरला दुसऱ्या दिवशी घरी पाठवतील. आणि तिथे बिघडतो तो फक्त डेटा.

अमेरिकेत इन्शुरन्स कंपन्यांनी चालवलेली एक रस्तासुरक्षा संस्था आहे, आयआयएचएस. ती दरवर्षी किशोरवयीन ड्रायव्हरांसाठी वापरलेल्या गाड्यांची यादी काढते. त्यांचा निकष सरळ आहे : फार ताकदीचं इंजिन नको, फार लहान गाडी नको, घसरताना गाडी सावरणारी यंत्रणा असावी, क्रॅश टेस्टमध्ये चांगली असावी. त्या यादीत जुन्या गाड्या असतात बरं. जुनी म्हणजे वाईट असं मी म्हणत नाहीये. जुनी असल्यामुळे जीव गेला तरी चालेल अशी गाडी त्या यादीत नसते, एवढंच.

आता दुसऱ्या टोकाच्या लोकांना सोडलं तर बाबा म्हणतील मी गरिबावरच ओरडते. चंद्रपुरात ठेकेदारांची, कोळशाच्या ट्रान्सपोर्टवाल्यांची पोरं आहेत, ज्यांना अठराव्या वाढदिवसाला थार मिळते. काळी. मोठे टायर, मोठा आवाज, मागे चार मित्र. पोरगा आत सुरक्षित असेलही. रस्त्यावर सायकलने शाळेत जाणाऱ्या मुली असतात, पहाटे मोहफुलं वेचायला निघालेल्या बाया असतात, त्यांच्यासाठी कोणती क्रॅश टेस्ट आहे? गाडीत मित्र वाढले की कोवळ्या ड्रायव्हरचा अपघाताचा धोका वाढतो, हे परदेशातल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे, आणि त्यासाठी अभ्यासाची गरजही नाही. मागच्या सीटवरून 'दाब ना बे' ओरडलेलं ज्याने ऐकलं आहे त्याला ते माहीत आहे.

मी पैसे पाठवले नाहीत. बाबा आठ दिवस बोलले नाहीत. आई मधल्या मधे निरोप पोचवत राहिली, आणि नवव्या दिवशी तिनेच बाबांना जेवताना विचारलं म्हणे, "मंग झाकून ठेवाले घेतली का थे?"

एक गोष्ट इथे सांगून टाकते, नाहीतर घशात अडकेल. मी अठराची झाले तेव्हा माझ्यासाठी गाडीचा विषय निघाला नव्हता. जुनीचाही नाही. माझ्या मैत्रिणी खेड्यांतून मानव विकासच्या बसने शाळेत यायच्या, मी गावातली म्हणून सायकलने. इंजिनिअरिंगला एसटी. गाडी मी सव्वीसाव्या वर्षी पुण्यात, स्वतःच्या पैशाने शिकले. लायसनची परीक्षा एका मैदानात झाली. पहिल्या गिअरमध्ये पुढे, दुसऱ्यात थोडं, थांबा, उतरा. माझ्या आधीच्या मुलाची गाडी दोनदा बंद पडली, तोही पास. ते कार्यालय कोणतं हे लिहीत नाही, कारण ज्यांना ज्यांना विचारलं त्यांची परीक्षा बहुतेक अशीच झालेली होती. लर्निंगनंतर तीस दिवस झाले की आपला देश तुम्हाला पक्कं लायसन द्यायला तयार असतो. त्या तीस दिवसांत तुम्ही रात्री एकदाही गाडी चालवली नसली तरी.

ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स नावाचं राज्य आहे. तिथे पंचविशीच्या आतल्या शिकाऊ ड्रायव्हरला १२० तास गाडी चालवल्याची नोंद ठेवावी लागते, शेजारी जाणता माणूस बसवून. त्यातले वीस तास रात्रीचे. ते झाल्याशिवाय परीक्षेला उभं करत नाहीत. पास झाल्यावरही पहिल्या टप्प्यात ताशी ९०ची मर्यादा, दारूचा थेंब नाही, आणि रात्री अकरा ते पहाटे पाच एकवीसच्या आतला एकच प्रवासी. एकशेवीस तास वाचून मला आधी हसू आलं. मग मी स्प्रेडशीट उघडली.

आमचा करार असा ठरला. अल्टो नाही. माझे अर्धे पैसे पंचच्या पूर्ण विम्यात आणि टायरांत. कॉलेजला भाऊ एसटीने जाईल, पास काढून, निदान पहिलं वर्ष. यावर तो सर्वांत जास्त चिडला. एसटीवरचा त्याचा राग मला समजतो. २०२१च्या दिवाळीपासून पुढच्या एप्रिलपर्यंत संप चालला तेव्हा तो शाळेत होता, आणि त्या सहा महिन्यांत आमच्या आळीत ज्यांनी ज्यांनी दुचाकी घेतली त्यांतला एकही पुन्हा बसकडे वळला नाही. बस वेळेवर आली असती तर निम्म्या पोरांच्या हाती चावी गेलीच नसती, हे मी कोणत्याही व्यासपीठावर बोलायला तयार आहे. गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरीकडे पहिली एसटी १ जानेवारी २०२५ ला गेली. तिकडच्या पोरांनी तोवर काय करायचं होतं? पण मूल-चंद्रपूरला बस आहे. गर्दीची, उशिराची, पण आहे. रोज अंधारात नव्वद किलोमीटर एकट्याने चालवण्यापेक्षा ती बरी.

आणि दर रविवारी पंचमध्ये शेजारी बाबा.

कव्हर निघालं तेव्हा समोर स्टीलचा गार्ड दिसला. रानडुकरासाठी लावला म्हणे. असे गार्ड केंद्र सरकारने डिसेंबर २०१७ मध्येच बेकायदा ठरवले आहेत. धडकेचा जोर ते भलतीकडे नेतात, त्यामुळे एअरबॅग वेळेवर उघडेलच असं नाही. गॅरेजवाला काढायला तयार नव्हता, 'ताई, चांगला मजबूत माल हाय' म्हणत होता. दिवाळीत गेले तेव्हा उभी राहून काढून घेतला. सीट बेल्टचा टूंटूं आवाज बंद करायला खाचेत घातलेलं नकली बकलही काढलं. ते कोणी घातलं यावर घरात अजून मौन आहे.

बाबा वाईट शिक्षक निघाले. वर्गात शांत असणारा माणूस गाडीत ओरडतो, डॅशबोर्ड धरून बसतो, पोराने गिअर टाकायच्या आत 'टाक टाक' करतो. पहिल्या तीन रविवारी दोघं भांडून घरी आले. भाऊ मला फोन करून म्हणाला, "ताई, अल्टोच बरी होती, एकटा तं चालवली असती." मी म्हटलं, म्हणूनच.

शीटमध्ये तारीख, कुठून कुठे, दिवस की रात्र, पाऊस, किती वेळ आणि शेरा असे रकाने आहेत. शेरा बाबा सांगतात, भाऊ टाइप करतो, त्यामुळे त्यात थोडी काटछाट होत असावी. आजवर एक्केचाळीस तास झाले, त्यातले सहा रात्रीचे. एकशेवीसला पोचायला पुढचा उन्हाळा उजाडेल. पंचच्या डाव्या दारावर एक लांब ओरखडा आला आहे, राइस मिलच्या फाटकाचा. बाबांनी त्याचा फोटो मला पाठवला, सोबत काही न लिहिता.

काल रात्री शीट उघडली. शेवटची ओळ अशी होती : चिचपल्ली ते मूल, रात्र, पाऊस, ५५ मिनिटं. शेरा : सांबर. थांबला.